आग्नेय कोपऱ्यातला प्रिंटर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी कम्प्युटर विभागात नोकरी केली, तिथे माझ्या रागाची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी मी गप्प बसले तर कॅन्टीनवाला बरं नाही का म्हणून चौकशी करायचा. पण ज्या महिन्याबद्दल मी सांगणार आहे, त्या महिन्यात मी जेवढी चिडले तेवढी ना त्याआधी चिडले, ना नंतर. आणि चिडले कशावर, तर कागदावर. कागद उभा की आडवा, एवढाच प्रश्न होता. लग्नात मानपानावरून रुसणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. त्यांची कारणं याहून मोठी असतात.

आमचा कारखाना व्हॉल्व्ह बनवायचा. पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांवर बसवतात ते, चाक फिरवून उघडायचे आणि बंद करायचे. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये दाबाने पाणी भरून तो गळतो का ते बघायचे आणि त्याचं एक सर्टिफिकेट निघायचं. व्हॉल्व्हचा नंबर, आकार, किती दाब दिला, किती मिनिटं दिला, काही दोष आढळले का, आणि खाली तपासणाऱ्याची सही. हा कागद सोबत नसला तर गिऱ्हाईक माल ट्रकमधून उतरवूनच घेत नसे. त्यामुळे कारखान्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांच्या खालोखाल मान आमचा होता, असं आम्हाला वाटायचं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना तसं काही वाटत नव्हतं.

आम्ही म्हणजे तिघं. पहिले साहेब. सटाण्याकडचे, गोल, थोराड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नाशकात कम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखं काहीतरी असतं एवढीच माहिती लोकांना होती, त्या काळात कारखान्याने कपाटाएवढं एक मशीन घेतलं आणि साहेबांनी एकट्याने त्याच्यासाठी सगळे प्रोग्रॅम लिहिले. कारखान्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मशीनला ठाऊक होता आणि मशीनमधली प्रत्येक ओळ साहेबांना. दुसरी मी. तिसरे मामा, आमचे शिपाई. सायखेड्याहून मोटरसायकलवर यायचे, अंगाने काडी, आणि कुणी विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा त्यांचा नेम होता. हा नेम पुढे आम्हाला फार महागात पडला.

आमची सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं एका जुन्या प्रिंटरवर निघत. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, त्यावर छापखान्यातून आधीच छापून आणलेला फॉर्म, आणि त्या फॉर्मच्या रिकाम्या जागांमध्ये आमचा प्रिंटर खडखडाट करत आकडे ठोकायचा. तो चालू झाला की शेजारच्या खोलीतला माणूस फोन ठेवून द्यायचा. दोन हजार सालाच्या आगेमागे त्या प्रिंटरच्या रिबनी मिळेनाशा झाल्या, भोकांच्या कागदावर फॉर्म छापून देणारा छापखानाही कंटाळला, आणि आमच्या जनरल मॅनेजरांना हवी होती ती संधी मिळाली.

त्यांचं म्हणणं, की जुनं मशीन, जुने प्रोग्रॅम सगळं काढून टाकावं आणि मोठ्या कारखान्यांत असतं तसं सॉफ्टवेअरचं तयार पॅकेज आणावं. साहेबांनी हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता. ते म्हणाले, "एक लेझर प्रिंटर घेऊन द्या. छापील फॉर्मची गरजच ठेवत नाही. फॉर्मची चौकट प्रिंटरच्या पोटात साठवून ठेवतो, आपल्या मशीनमधून आकडे आले की तो चौकट आणि आकडे एकदमच कोऱ्या कागदावर काढील."

याला ओव्हरले म्हणतात. चौकट खाली, मजकूर वर. आम्ही आपलं चौकटच म्हणायचो.

जनरल मॅनेजरांनी विचार केला आणि अट घातली. महिना-दीड महिन्याने आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. त्याच्यासमोर सर्टिफिकेट नीट निघालं तर साहेब रिटायर होईपर्यंत त्यांची सिस्टीम राहील. नाही निघालं तर पॅकेज येईल, आमचा विभाग त्या नव्या लोकांच्या हाताखाली जाईल, आणि साहेबांनी उरलेलं दीड वर्ष स्टोअर्समध्ये काढावं.

बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, "बंद तर ती होणारच, पोरी. मी काही खुळा नाही. पण मी गेल्यावर करा म्हणावं. माझ्या डोळ्यांदेखत नको."

एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःच्या खुर्चीवरून उठून घरी जायचं होतं.

पहिले तीन आठवडे छान गेले. प्रिंटर दाराशेजारच्या टेबलावर बसवला. साहेबांनी स्टीलच्या पट्टीने जुना फॉर्म मोजला, मी चौकट काढली, आकडे आपापल्या जागी पडायला लागले. आवाज नाही, भोकं नाहीत, पांढरा स्वच्छ कागद. साहेब एकेक कागद उजेडाकडे धरून बघायचे आणि तो पुन्हा माझ्या हातात द्यायचे, म्हणजे मी पण बघावा म्हणून. मी बघायचे. त्यांचा तो आनंद मला आवडायचा.

मग वास्तुवाले आले.

त्या वर्षी आमचा माल दोन-तीनदा गिऱ्हाइकाकडून परत आला होता. कास्टिंगमध्ये, म्हणजे लोखंड ओतून केलेल्या भागांत, बारीक भोकं राहत होती आणि हे फाउंड्रीतल्या कुणालाही माहीत होतं. पण जनरल मॅनेजरांनी फाउंड्रीत जाण्याऐवजी एका वास्तुतज्ज्ञांना बोलावलं. पांढरा सफारी घातलेले ते गृहस्थ हातात होकायंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. आमच्या खोलीत आल्यावर त्यांनी होकायंत्र लोखंडी कपाटावर ठेवलं, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "हे यंत्र गरम होतं का?"

मी म्हटलं, "हो, लेझर प्रिंटर आहे, गरम होतोच."

"म्हणजे अग्नी. मग तो आग्नेयेला पाहिजे. आणि तोंड पूर्वेला."

त्यांच्या होकायंत्राने दाखवलेला आग्नेय कोपरा म्हणजे आमच्या खोलीची अडगळ. एका बाजूला फायलींचं कपाट, एका बाजूला सिमेंटचा खांब, मध्ये जेमतेम टेबलाची जागा. आणि त्यांच्या हिशोबाने तिथली पूर्व म्हणजे सरळ भिंत. त्याच दिवशी संध्याकाळी चार माणसांनी प्रिंटर उचलून तिथे नेला आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी तेव्हाच म्हणाले होते की सकाळचं ऊन आमच्या खोलीत समोरच्या खिडकीतून येतं, म्हणजे पूर्व पलीकडे आहे. जनरल मॅनेजर म्हणाले, "मॅडम, सूर्याचं वेगळं, वास्तूचं वेगळं."

मी बस पकडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पहिलं सर्टिफिकेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. चौकट उभी होती. आकडे आडवे होते. व्हॉल्व्हचा नंबर दाबाच्या रकान्यातून शिडीसारखा वर चढत गेला होता आणि आमच्या कारखान्याच्या चिन्हाला जाऊन थडकला होता.

साहेबांनी कागद हातात घेतला, मान तिरपी केली, मग कागद तिरपा केला. ते चिडले किंवा घाबरले की गावाकडची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" ते म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या दिवशीच दुपारी साहेबांनी सर्टिफिकेटच्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा बदल केला होता. साधाच बदल, तारीख दोन रकाने पुढे सरकवायची. पण संध्याकाळपर्यंत सगळं ठीक आणि सकाळी सगळं आडवं, म्हटल्यावर आम्ही दोघांनीही तेच धरलं की चूक त्या बदलात आहे. साहेबांनी तो बदल काढून टाकला. आकडे आडवेच. मग त्यांनी त्यांचा अख्खा प्रोग्रॅम कागदावर काढला आणि ओळींखाली पट्टी धरून पहिल्यापासून वाचायला बसले. पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम ते परीक्षेला बसल्यासारखे वाचत होते, आणि मधेच मला विचारायचे, "माझ्या हातून काही राहिलं का गं? वय झालं का?"

मला त्यांच्यावर राग येत नव्हता. मला त्या कागदावर राग येत होता.

मी दुसऱ्या बाजूने लागले. प्रिंटरला सांगता यायचं, की पान पाव फिरव, अर्धं फिरव, पाऊण फिरव. मी पाव फिरवलं. चौकट आणि आकडे एका दिशेला आले, पण अर्धी चौकट कागदाच्या बाहेर गेली. अर्धं फिरवलं, तर कारखान्याचं चिन्ह तळाशी, तेही डोक्यावर उभं. पाऊण फिरवलं तेव्हा बऱ्यापैकी जमलं, फक्त सगळे आकडे एक घर खाली घसरले होते. तपासणाऱ्याच्या सहीच्या जागी "१५० मिमी" आलं आणि "आढळलेले दोष" या चौकटीत गिऱ्हाइकाचं नाव. डिस्पॅचवाल्यांनी तो कागद मागून नेला. त्यांचं मत पडलं, की आजवर निघालेलं हे एकमेव खरं सर्टिफिकेट आहे.

प्रत्येक प्रयोगानंतर मामा कोपऱ्यातून कागद आणायचे. ते दोन्ही हातांवर कागद असा धरून आणायचे जसं काही त्यावर प्रसाद ठेवलाय. माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचे की थांबायचं की पळायचं.

पाचव्या दिवशी जमलं. पाऊण फिरवून, वरून इतकं, डावीकडून इतकं असे आकडे देत देत मी शेवटी सगळं जागच्या जागी बसवलं. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. मी जनरल मॅनेजरांना फोन करून उद्या सकाळी बघायला या म्हणून सांगितलं, आणि तो माझा मूर्खपणा.

कारण दुसऱ्या दिवसापासून मामा दोन दिवस रजेवर होते. त्यांच्याकडे कांद्याची लागवड होती. कागद संपला होता, आणि तो भरायला कोपऱ्यात जायचं तर कपाट आणि खांब यांच्यामधून साहेब काही आत मावत नव्हते. म्हणून त्यांनी शॉपमधून, म्हणजे व्हॉल्व्ह बनतात तिथून, दोन माणसं बोलावली, टेबल बाहेर ओढलं, प्रिंटरच्या खालचा खण उघडून त्यात कागदाची अख्खी थप्पी भरली आणि टेबल पुन्हा होतं तिथे ढकलून दिलं. तोंड पूर्वेला. मी तेव्हा बसमध्येच होते. मला यातलं काही कळलं नाही.

जनरल मॅनेजर आले. सर्टिफिकेट निघालं. चौकट एकीकडे, आकडे दुसरीकडे. त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काल जमलेलं का?"

"काल नीट होतं," मी म्हणाले.

"काल मी नव्हतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी दिवसभर बसून सगळं पुन्हा मूळपदावर आणलं, आणि आश्चर्य म्हणजे मूळपदावर आल्यावर सर्टिफिकेट बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशीही खणातल्या कागदावर ते बरोबरच निघत राहिलं. तिसऱ्या दिवशी मामा आले आणि पुन्हा सगळं आडवं. आता मला माझ्या डोक्याची शंका यायला लागली. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्या कधी आहे ते गुपचूप बघून घेतलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

एवढ्या दिवसांत प्रिंटरजवळ मी एकदाही गेले नव्हते, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही. पण जाणार कशाला? कागद मामा आणून देत होते. आणि कागद हातात आल्यावर तो कुठल्या बाजूने प्रिंटरमध्ये शिरला होता हे काही त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. त्या दिवशी मात्र मी मामांच्या मागोमाग उठले. ओढणी खोचली, पोट आत घेतलं आणि कपाट आणि खांबाच्या फटीतून आडवी होऊन आत शिरले. तिथे मामा प्रिंटरच्या कुशीला असलेल्या छोट्या फळीवर कागद ठेवत होते. आडवा.

"मामा," मी म्हटलं, "हे काय करताय?"

"कागद घालतोय, मॅडम."

"खालच्या खणात का नाही घालत?"

"खण उघडत नाय. भिंत आली ना म्होरं. म्हनून हितं घालतो, या फळीवर."

"आणि आडवा का?"

मामांनी शांतपणे एक कागद उचलला आणि उभा लावून दाखवला. त्याची कड खांबाला टेकली आणि कागद वाकला. मग त्यांनी तो आडवा लावला. बरोबर बसला. "उभा घातला का खांबाला टेकतो," ते म्हणाले. "आडवा बरूबर मावतो. परवा तुमी म्हनला नीट आलं, तवा मला वाटलं आडवंच चालतंय."

"अहो, मग आठ दिवस हे सांगितलं का नाही?"

"नाय विचारलं कुनी."

मी तिथेच खांबाला डोकं टेकवलं. आकडे कागदाची दिशा बघून आपोआप वळत होते, चौकट वळत नव्हती. फळीवर कागद असला की खण भरलेला असला तरी प्रिंटर फळीवरचाच आधी घ्यायचा. मामा आडवा कागद घालत तेव्हा एक हिशोब लागत होता आणि साहेब खणात उभा कागद भरत तेव्हा दुसरा. आमचा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून निर्दोष होता. मी हे ओरडून साहेबांना सांगितलं. फटीतून आत येता येत नव्हतं म्हणून ते बाहेरूनच ऐकत होते. मग ते म्हणाले, "म्हणजे माझी ओळ बरोबर होती?"

"तुमची ओळ बरोबर होती, साहेब."

मी बाहेर आले तेव्हा ते चष्मा पुसत होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी तो पुसला.

आता उपाय अगदी सोपा होता. प्रिंटर परत दाराशी न्यायचा. मी तडक जनरल मॅनेजरांकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "प्रिंटर हलणार नाही, मॅडम. कागद भरायलासुद्धा नाही. रिझल्ट बघा ना. तो तिथे नेल्यापासून आपला एकही व्हॉल्व्ह परत आलेला नाही."

मी म्हणाले, "सर, तो तिथे नेल्यापासून आपला एकही व्हॉल्व्ह बाहेर गेलेला नाही. सर्टिफिकेटच निघत नाहीये."

त्यांनी यावर थोडा विचार केला असावा. मग म्हणाले, "तरीपण."

'तरीपण'शी भांडता येत नाही. तपासनीस यायला नऊ दिवस राहिले होते. पाचव्या दिवशी अंदाजाने जमवलेले आकडे मूळपदावर येताना मी पुसून टाकले होते, आणि पुन्हा अंदाजावर तपासनिसासमोर जायचं नव्हतं. कागद आडवाच जाणार, हे धरून चौकटच आडवी काढायची, एवढाच मार्ग उरला. प्रत्येक रेघ, प्रत्येक मथळा नव्याने मोजायचा. जे डावीकडून होतं ते वरून, जे वरून होतं ते उजवीकडून. ऐकायला सोपं वाटतं. साहेब आणि मी यावरून आठ दिवस भांडलो. भांडण एकच, की मोजायला सुरुवात कुठल्या कोपऱ्यापासून करायची. मी म्हणायचे पान फिरलं की कोपराही फिरतो. साहेब म्हणायचे कोपरा फिरत नाही, कोपरा कोपराच राहतो. एकदा त्यांनी सर्टिफिकेट पिनांनी स्वतःच्या शर्टावर लावलं आणि म्हणाले, "हा मी कागद. आता मी वळतो. तू सांग शून्य कुठे गेलं." आणि ते जागच्या जागी वळायला लागले. नेमके त्याच वेळी दारात युनियनचे दोन लोक उभे होते. ते काही न विचारता परत गेले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बातमी होती, की कम्प्युटरवाल्यांनी वास्तुशांत चालू केली आहे.

शेवटी तोडगा निघाला तो ट्रेसिंग पेपरने. मी जुन्या फॉर्मचं चित्र त्या पारदर्शक कागदावर गिरवून घेतलं, तो एका आडव्या कोऱ्या कागदावर ठेवला, एका कोपऱ्यात टाचणी टोचली आणि वरचा कागद फिरवला. चौकट टाचणीभोवती फिरून टेबलाबाहेर गेली. दुसऱ्या कोपऱ्यात टोचली, ती पुन्हा बाहेर. तिसऱ्या कोपऱ्यात टोचल्यावर ती बरोबर कागदावर येऊन बसली. तोच शून्याचा कोपरा. आमच्या दोघांच्याही म्हणण्यात तो नव्हता, म्हणून भांडण बरोबरीत सुटलं. तपासणीच्या दिवशी रजा घ्यायची नाही असं मामांकडून वदवून घेतलं, आणि जनरल मॅनेजर नसताना टेबल ओढून खालच्या खणातला सगळा कागद काढून घेतला, न जाणो.

तपासनीस आला. सडपातळ, कमी बोलणारा, सगळं नखाने टोकरून बघणारा माणूस. त्याने शॉपमधला एक व्हॉल्व्ह निवडला, त्याचा नंबर टिपला आणि सर्टिफिकेट मागितलं. मामा फटीत शिरले. साहेब खुर्चीत बसून होते, पण खुर्चीच्या अगदी कडेला, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. प्रिंटर घुरघुरला. मामा कागद घेऊन आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो तपासनिसाच्या हातात दिला, म्हणजे त्यांनी वाटेत तो बघितला होता आणि त्यांना कळलं होतं. सगळं जागच्या जागी. दाबाच्या घरात दाब, सहीच्या जागी सही करायची मोकळी जागा.

तपासनिसाने मग दोन वर्षांपूर्वीच्या एका व्हॉल्व्हचा नंबर दिला. आमच्या जुन्या मशीनने तोही क्षणात शोधून दिला. तो म्हणाला, "चांगली सिस्टीम आहे. कुणी केली?"

जनरल मॅनेजरांनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी तपासनिसाला नमस्कार केला. मला एवढा अभिमान वाटला की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

जनरल मॅनेजर जाताना मला हळूच म्हणाले, "बघितलं? पूर्वेचं तोंड." त्या दिवशी मी त्यांनाही माफ केलं.

पण पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. पॅकेज येतंय. पुण्याला ट्रेनिंगला जाणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं. आणि साहेबांची बदली स्टोअर्समध्ये, पुढच्या आठवड्यापासून.

मी जनरल मॅनेजरांच्या केबिनमध्ये दार न वाजवता गेले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण "शब्दाला किंमत नाही" हे नक्की म्हणाले, कारण त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. साहेबांचं अक्षर होतं. जुनी सिस्टीम बंद करून पॅकेज आणावं, आपल्याला स्टोअर्समध्ये घ्यावं आणि ट्रेनिंगला मला पाठवावं, अशी विनंती होती. तारीख तपासणीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

मी तशीच साहेबांकडे गेले. ते टेबल आवरत होते. मी म्हणाले, "मग तो महिनाभराचा खटाटोप कशाला केलात? माझ्या जिवाचं पाणी झालं. तुम्हाला ह्या खुर्चीवरून घरी जायचं होतं ना?"

"अजून जायचंय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

"मग?"

"ते सर्टिफिकेट निघालं तेव्हा मला फार आनंद झाला, पोरी. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आमची पोरगी किती हुशार आहे. आणि जेवताना एकदम लाज वाटली. एवढी हुशार पोरगी आठ दिवस काय शिकली, तर माझ्या जुन्या मशीनचा कागद कसा वळवायचा. सातपूरच्या बाहेर ही विद्या कुणाला पाहिजे? मी गेल्यावर हे मशीन तुझ्या गळ्यात पडलं असतं, आणि ते बंद झालं त्या दिवशी तुलाही कुणी विचारलं नसतं. माझं दीड वर्ष राहिलंय. तुझी तीस आहेत."

मी तिथेच रडले. साहेबांनी मामांना पाणी आणायला पाठवलं, आणि मामांनी या वेळी न विचारता चहा पण आणला.

मी पॅकेज शिकले. पुढे त्याच्यावरच माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. पुण्याहून परत आल्यावर काही महिन्यांनी जुनं मशीन बंद करून भंगारात काढायचं पत्र माझ्याकडे आलं, तेव्हा मी लिहून कळवलं, की जुनी सर्टिफिकेटं काढायला ते चालू ठेवावं लागेल. खरं तर सगळी माहिती पॅकेजमध्ये आली होती आणि त्या मशीनची कुणालाही गरज नव्हती. ते कोपऱ्यात नुसतं चालू होतं. साहेब स्टोअर्समधून जेवणाच्या सुट्टीत रोज वर यायचे, त्याच्यासमोर डबा उघडायचे आणि कधी एखादा नंबर टाकून बघायचे.

ते एका शनिवारी रिटायर झाले. सोमवारी सकाळी मी ते मशीन बंद केलं.